निविदा माफ, हिशेबही माफ?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. लावणीचे दिवस होते. संध्याकाळी दवाखाना आवरत असताना एका पाड्यावरची पाच-सहा माणसे दहा-बारा वर्षांच्या मुलाला उचलून घेऊन आली. बांधावरून येताना पायाला काहीतरी चावले होते. मुलाच्या पापण्या मिटू लागल्या होत्या, जीभ जड झाली होती. भगताकडे न जाता ही मंडळी सरळ दवाखान्यात आली, याचे मला मनातून बरे वाटले. पण माझ्याकडे सर्पविषावरची लस नव्हती. मुलाला माझ्याच गाडीत घातले आणि जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेले. तिचे नाव सांगत नाही, कारण तिथल्या माणसांचा यात काही दोष नव्हता. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर हातातला चहा ठेवून धावला, सिस्टरने लगेच सलाइन लावले. पण लसीच्या कुप्या निघाल्या चार. अशा केसमध्ये सुरुवातीलाच आठ-दहा लागतात.

आणखी कुठे आहेत का पाहावे म्हणून फार्मासिस्टबरोबर मी कोठीत गेलो. वाचकहो, आत पाय ठेवायला जागा नव्हती. छताला टेकतील अशी खोकी. फेस शील्ड, मुदत संपलेली पीपीई किट, हायपोक्लोराइटचे कॅन, बंद पडलेल्या थर्मल गन. या सगळ्यामागे कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये एक व्हेंटिलेटर उभा होता. त्याला बांधलेल्या पट्ट्यासुद्धा कोणी कापलेल्या नव्हत्या. फार्मासिस्ट म्हणाला, "डॉक्टरसाहेब, हे वापरता येत नाही आणि टाकताही येत नाही. निर्लेखन होईपर्यंत सांभाळायचं. उंदीर मात्र कोणाची परवानगी घेत नाहीत."

चार कुप्या लावल्या, बाकीची इंजेक्शने दिली आणि मुलाला सिल्वासाला पाठवले. तिथे त्याला दोन दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. मुलगा वाचला. आता शाळेत जातो, दवाखान्यावरून जाताना हात हलवतो. मला मात्र ती दोन यंत्रे एकदम डोळ्यांसमोर येतात. एक कोठीत पट्ट्यांनी बांधलेले आणि दुसरे सीमेपलीकडे त्याला श्वास देणारे. यंत्र तेच, पण एकाच्या बाजूला ते चालवणारा माणूस होता आणि दुसऱ्याच्या बाजूला उंदीर.

साथीच्या काळात सरकारने केलेल्या खरेदीवर म्हणूनच आज लिहितो आहे. साथ संपली, आता जुनी मढी का उकरायची, असे काहींना वाटेल. पण पुढची साथ येणार आहे, आणि तेव्हाही अशीच घाईघाईने खरेदी होणार आहे.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ५० नुसार आपत्तीच्या वेळी तातडीची खरेदी करायची असेल तर निविदा मागवण्याची नेहमीची पद्धत माफ होते. इथपर्यंत ठीक आहे. पण त्याच कलमात पुढे असे आहे की, माल वापरला गेल्याचा संबंधित अधिकाऱ्याचा दाखला हाच हिशेबासाठी वैध कागद मानला जाईल. म्हणजे खरेदीला स्पर्धा नको, आणि वापराला पुरावा म्हणून साहेबांची सही पुरे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी स्थिती व्हायला याहून जास्त काही लागत नाही.

मी निविदांचा भक्त नाही. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दवाखान्यासाठी एन-९५ मास्क मीसुद्धा वापीच्या एका दुकानातून सांगेल त्या भावाने आणले, आणि वर त्याचे आभार मानले. माणूस धापा टाकत असताना तीन दरपत्रके मागवणाऱ्या अधिकाऱ्याला मी शहाणा म्हणणार नाही. त्या दिवसांत वेरावळच्या बोटींवरून परतलेले खलाशी, वीटभट्ट्यांवरून चालत आलेली कुटुंबे आपल्या तालुक्यांत उतरत होती. काय वाढून ठेवले आहे कोणालाच ठाऊक नव्हते. त्या वेळी चार गोष्टी जास्त भावाने घेतल्या गेल्या, काही निरुपयोगी निघाल्या, हे मी समजू शकतो. पण घाई किती दिवस चालते? पहिला महिना, दुसरा महिना. दुसरी लाट आली ती वर्षभराने, २०२१ च्या मार्च-एप्रिलमध्ये. वर्षभर घाईच चालू होती असे कोणी म्हणत असेल तर त्याला सवय लागली म्हणावे.

मुंबईतल्या प्रकरणांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मृतदेह गुंडाळण्याच्या पिशव्या दोन हजारांच्या जागी ६,८०० रुपयांना घेतल्याचा आरोप झाला. अडकलेल्या मजुरांना वाटायच्या खिचडीचे वजन कमी भरल्याचा आरोप झाला. जम्बो केंद्रांच्या कंत्राटांवरून अटका झाल्या. हे आरोप आहेत आणि त्यांचा निवाडा न्यायालय करील. कोणत्या पक्षाचा कोण, यात मला रस नाही. मला त्याहून गंभीर वाटली ती दुसरीच गोष्ट. महालेखापालांनी मुंबई महापालिकेच्या सुमारे १२ हजार कोटींच्या खर्चाची तपासणी केली, तो अहवाल मार्च २०२३ मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यातल्या कोविडवरच्या सुमारे साडेतीन हजार कोटींच्या कामांची कागदपत्रे पालिकेने दिलीच नाहीत. आधार कशाचा घेतला, तर १८९७ सालच्या साथरोग कायद्याचा! मुंबई-पुण्यात प्लेग पसरला तेव्हा इंग्रज सरकारने घाईने केलेला हा चार कलमांचा कायदा. लोकांच्या घरात शिरण्यासाठी त्यांनी तो केला. सव्वाशे वर्षांनी आपण तो लोकांना हिशेबाच्या दारात अडवायला वापरला.

पैसा कोणी खाल्ला हे शोधायला पोलीस आहेत. डॉक्टर म्हणून मला वेगळाच प्रश्न पडतो. जो पैसा कोणीही खाल्ला नाही, अगदी नियमाने आणि सद्भावनेने खर्च झाला, त्यातून रुग्णाच्या पदरात काय पडले?

२०२० च्या एप्रिलमध्ये गावोगावी निर्जंतुकीकरणाचे बोगदे उभे राहिले. माणूस एका बाजूने आत शिरतो, अंगावर औषधाचा फवारा घेतो आणि दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. फोटो छान यायचा. केंद्रीय आरोग्य खात्याने १८ एप्रिल २०२० रोजीच सांगून टाकले की माणसांच्या अंगावर असे जंतुनाशक फवारू नये, त्याचा उपयोग नाही आणि त्यातून अपायच होऊ शकतो. माझ्याकडे त्या सुमारास डोळे लाल झालेले, अंगाला खाज सुटलेले किती तरी लोक आले. त्यांना कोविड झाला नव्हता, ते बोगद्यातून आले होते.

त्याच वर्षी ग्रामविकास खात्याने ग्रामीण महाराष्ट्रातल्या सुमारे पाच कोटी लोकांना आर्सेनिक अल्बमच्या गोळ्या वाटायचे ठरवले, आणि त्यासाठी ग्रामपंचायतींना मिळालेल्या वित्त आयोगाच्या निधीवरचे व्याज वापरायचे ठरले. होमिओपॅथीचे अनेक डॉक्टर माझे मित्र आहेत, त्यांच्याशी भांडण काढायचे नाही. पण या गोळ्यांनी कोरोना टळतो असा पुरावा तेव्हाही नव्हता आणि आजही नाही. व्याज म्हटले की ते कोणाचेच नाही असे वाटते. तो पैसा गावाचा होता. त्यातून गावाच्या पाण्याच्या टाकीला वर्षभर पुरेल इतका ब्लीचिंग पावडरचा साठा झाला असता, उपकेंद्राचा गळका पत्रा बदलला असता. ग्रामसभेला कोणी विचारले का? माझ्या माहितीतल्या एकाही गावात विचारले नाही.

आता स्वतःबद्दल सांगतो, नाहीतर लोकांच्या डोळ्यातले कुसळ दाखवण्यासारखे होईल. एप्रिल २०२१ मध्ये रेमडेसिविरसाठी मुले बापाचे आधार कार्ड घेऊन डहाणूपासून पालघर, बोईसर, वापी अशी रात्रभर फिरत होती. कोणी गाय विकली, कोणी चिकूची बाग गहाण टाकली. त्या चिठ्ठ्यांपैकी काही माझ्या हस्ताक्षरातल्या होत्या. जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच रुग्णालयात दाखल रुग्णांसाठी हे इंजेक्शन वापरू नये असे सुचवले होते, कारण त्याने मृत्यू कमी होत असल्याचे दिसले नव्हते. पुढे २०२२ मध्ये काही मोजक्या, सुरुवातीच्या अवस्थेतल्या जोखमीच्या रुग्णांसाठी त्याला थोडी जागा मिळाली, हेही खरे. पण ज्यांच्यासाठी आपण धावलो ते बहुतेक त्यातले नव्हते. मी ते वाचले होते. तरीही नातेवाईक समोर रडत उभे असताना "याचा उपयोग नाही" म्हणायचे धाडस मला झाले नाही. 'डॉक्टरने काही केले नाही' हा ठपका नको होता. सरकारनेही तेच केले. लोकांना काहीतरी होताना दिसले पाहिजे, म्हणून खरेदी.

आणि खरोखर जीव कशाने वाचले? जून २०२० मध्ये इंग्लंडमधल्या रिकव्हरी नावाच्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोनचा गुण सिद्ध झाला. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने आणि ऑक्सिजन लागणाऱ्यांचे सुमारे एक-पंचमांशाने कमी झाले. हे डेक्सा म्हणजे तेच, जे आम्ही दम्याला, ॲलर्जीला वर्षानुवर्षे देत आलो. सहा मिलिग्रॅम रोज, दहा दिवस. गोळ्यांचा सगळा खर्च शंभर रुपयांच्या आत. त्यासाठी कोणी रांग लावली नाही, कोणा आमदाराने त्याचे खोके हातात धरून फोटो काढला नाही. ऑक्सिजन वेळेवर लावणे, रुग्णाला पालथे झोपवणे, तो कधी बिघडतो यावर नजर ठेवणारी नर्स, आणि पुढे लस. यादी एवढीच आहे. (डेक्साही गरज नसताना दिले की नुकसान करते, हे सांगून ठेवतो. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नका.)

खोक्यातला माल मोजता येतो, त्याचे उद्घाटन करता येते, मार्च अखेरीच्या आत बिल काढता येते. नर्सची जागा भरायची म्हणजे तिला तीस वर्षे पगार द्यावा लागतो, तिच्या भरतीत कोणाला टक्केवारी काढता येत नाही असे म्हणायचे नाही, पण एकदाच. त्यामुळे संकट आले की खोकी येतात. तेव्हाच्या औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाला २०२१ मध्ये केंद्राकडून १५० व्हेंटिलेटर आले. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे आले ते असे, की वापरायला काढलेले ११३ सदोष आणि ३७ खोक्यातच. केंद्राच्या बाजूने सांगण्यात आले की ते चालवणाऱ्यांना नीट प्रशिक्षण नव्हते. न्यायालयाने यावर केंद्राला सुनावले. पण क्षणभर केंद्राचे म्हणणे खरे धरले तरी काय उरते? चालवणारा नाही हे ठाऊक असताना यंत्र का धाडले? वैद्यकीय महाविद्यालयात ही गत, तर आपल्या डोंगरातल्या आरोग्य केंद्राचे काय सांगावे.

महालेखापालांचा राज्याच्या आरोग्य व्यवस्थेवरचा अहवाल डिसेंबर २०२४ मध्ये आला. राज्याच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत मंजूर पदांपैकी डॉक्टरांची २७ टक्के, परिचारिकांची ३५ टक्के आणि इतर तंत्रज्ञ वर्गाची ३१ टक्के पदे रिकामी. ही राज्याची सरासरी. तलासरीत किंवा सायवनच्या बाजूला ती किती असेल, हे वाचकांनी आपल्या अनुभवावरून ठरवावे.

हा अहवाल यायच्या महिनाभर आधी, नोव्हेंबर २०२४ मध्ये, डहाणू तालुक्यातल्या सारणीची एक गरोदर बाई गेली. कासाच्या रुग्णालयातून तिला सिल्वासाला हलवायचे ठरले. १०८ ची डॉक्टर आणि उपकरणे असलेली सुसज्ज गाडी वेळेत मिळाली नाही, साध्या रुग्णवाहिकेतून नेताना ती वाटेतच गेली, पोटातले बाळही गेले. सगळ्या वर्तमानपत्रांनी ही बातमी छापली. त्याच वर्षी राज्यात १०८ च्या नव्या कंत्राटावरून हजारो कोटींचे आरोप-प्रत्यारोप चालले होते. दोन्ही बातम्या मी एकाच कात्रणवहीत चिकटवल्या आहेत. कोविडमध्ये केवढ्या गाड्या आल्या, केवढ्या हिरव्या झेंड्या दाखवल्या! त्यातल्या किती आज रस्त्यावर आहेत, किती टायरविना उभ्या आहेत, किती चालकाविना, हे एका कागदावर लिहून सांगायला कितीसा वेळ लागेल?

स्वस्तात घ्या एवढेच माझे म्हणणे आहे, असेही कोणी समजू नये. मी वैद्यकीय महाविद्यालयात असताना फार्माकॉलॉजीचे सर जे. जे. रुग्णालयाची हकीगत सांगत. १९८६ च्या सुरुवातीला तिथे ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे औद्योगिक विष होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंत सगळी साखळी उघडी केली, आणि आरोग्यमंत्री भाई सावंत यांना पद सोडावे लागले. तिथे कागद होते, सह्या होत्या, प्रक्रिया होती. बाटली उघडून तपासणारा नव्हता. अलीकडे नागपूरकडे सरकारी रुग्णालयांत अँटिबायोटिक म्हणून आलेल्या गोळ्यांत औषधच नव्हते, टाल्कम पावडर आणि स्टार्च होते, असे पोलिसांच्या आरोपपत्रात आले. चाळीस वर्षे होत आली, बाटली अजून कोणी उघडून पाहत नाही.

तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले. मालाची तपासणी झाल्याशिवाय तो वाटला जात नाही, जिल्ह्याजिल्ह्यांत गोदामे आहेत, आणि प्रत्येक दवाखान्याला बँकेसारखे पासबुक दिलेले असते. तुमच्या खात्यावर इतके रुपये, त्यातून तुम्हाला लागेल ते उचला. सर्पदंश जास्त होणारा दवाखाना लस उचलतो, दुसरा दुसरे काही उचलतो. वरून खोकी येऊन पडत नाहीत. आपल्याकडे २०१७ मध्ये खरेदी हाफकिनकडे दिली, तिथे ती तुंबली, मग २०२३ च्या कायद्याने नवे प्राधिकरण केले. त्याने पासबुक दिले तर मी याच सदरात त्याचे कौतुक करीन.

परदेशातही लूट झाली, उगाच आपल्यालाच नावे ठेवायला नकोत. ब्रिटनने २०२०-२१ मध्ये सुमारे १२ अब्ज पौंडांचे मास्क, गाऊन, हातमोजे घेतले आणि त्यातल्या जवळपास ९ अब्ज पौंडांचे मूल्य हिशेबातून कमी करावे लागले. ओळखीच्या पुरवठादारांसाठी वेगळी खिडकी उघडली होती, ती तिथल्या न्यायालयाने बेकायदा ठरवली. फरक इतकाच की हा आकडा त्यांच्या आरोग्य खात्याच्याच वार्षिक हिशेबात छापून आला. शंभर वर्षांपूर्वीच्या कायद्यामागे ते लपले नाहीत.

सुरतचे उदाहरण तर घराजवळचे आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला तेव्हा मी नुकताच डॉक्टर झालो होतो. फ्लाइंग राणीतून तोंडाला रुमाल बांधलेली माणसे डहाणूला उतरत होती, आणि दोन दिवसांत बाजारातून टेट्रासायक्लिन गायब झाले. त्या घबराटीत जे घ्यायचे ते सगळ्यांनी घेतले. पण साथ ओसरल्यावर, मे १९९५ पासून, तिथले आयुक्त एस. आर. राव यांनी पैसा आणि माणसे लावली ती झाडू, कचरा आणि गटारांवर, रोजच्या रोज. दीड-दोन वर्षांत सुरत देशातल्या स्वच्छ शहरांत मोजले जाऊ लागले.

आपले दोन्ही तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात येतात. पेसा कायद्याने आपल्या ग्रामसभेला इतर कोणत्याही गावाहून जास्त अधिकार आहेत. शिवाय २००७ पासून आरोग्य सेवांवर लोकांनी देखरेख ठेवायचा जो प्रयोग राज्यात पाच जिल्ह्यांत सुरू झाला, त्यात आपला तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. लोकांनी भरसभेत डॉक्टरांना जाब विचारलेला मी पाहिला आहे, त्यात आम्हा डॉक्टरांना थोडा घामही फुटतो. तसेच साथीच्या काळात आपल्या आरोग्य केंद्रात काय आले, कितीला आले, आज कुठे आहे, हे ग्रामसभेत वाचून दाखवायला काय हरकत आहे? निविदा माफ केली असेल तर हिशेब दुप्पट कडक हवा. तोही तीन महिन्यांत, गावाच्या फळ्यावर.

ग्रामसभेची वाट पाहायची नसेल तर माहितीचा अधिकार आहेच. साध्या कागदावर जनमाहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज लिहावा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तोही नको. मोघम विचारू नये. 'मार्च २०२० ते मार्च २०२२ या काळातील साठा नोंदवहीची प्रत' असे लिहावे, म्हणजे टाळता येत नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही दिले तर पहिले अपील.

त्या कोठीतल्या व्हेंटिलेटरसाठी मी असा अर्ज केला आहे. कोणत्या हुकमाने आला, किंमत किती, आणि किती तास चालला, असे तीन प्रश्न विचारले आहेत. सोबत एक चौथाही घातला आहे, की येत्या पावसाळ्याआधी सर्पविषावरच्या लसीच्या किती कुप्यांची मागणी नोंदवली. पोच मिळाली आहे. उत्तर आले की इथेच छापू.